मदत हवी आहे: कादंबरीतली मालवणी किती ठेवावी?

माझी कादंबरी लालबागच्या चाळीत घडते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, ते वर्ष. नायकाची आई सावंतवाडीकडची, तिचे सगळे संवाद मालवणीत आहेत. आमचा सात जणांचा लेखनगट दर महिन्याला एक प्रकरण वाचतो. कोकणातल्या दोघांना संवाद अस्सल वाटतात, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या तिघांना अर्धं कळत नाही. ते मन लावून वाचतात, म्हणून त्यांचं म्हणणं मला टाकवत नाही.

तळटीपा देऊन पाहिल्या, वाचनाची लय तुटली. सगळं प्रमाण मराठीत आणलं, तर आई परकीच वाटायला लागली. मग फक्त ‘खंय’, ‘कित्याक’, ‘माका’ एवढेच शब्द ठेवले. ते वरवरचं दिसतं. शेवटी शब्दसूची नको आहे. निवेदन प्रमाण मराठीतच राहणार.

ज्यांनी बोलीत लिहिलंय किंवा अशा लेखनाचं संपादन केलंय, त्यांना विचारतो: क्रियापदांची मालवणी रूपं तशीच ठेवून अनोळखी नामं तेवढी बदलली, तर बोली टिकते का? की समोरच्या पात्राच्या उत्तरातून अर्थ पोचवावा?