खाद्याआधी मत्स्यबीज तपासा

शेततळ्यातली चिलापी (तिलापिया मासा) सहा महिन्यांनीही बोटभरच राहिली, खाद्य बदलू का, असं एकाने विचारलंय. खाद्य राहू द्या. जाळं ओढा, चार-सहा मासे हातात घ्या आणि तोंड उघडून पाहा. तोंडात पिवळसर अंडी सापडली तर ती मादी, आणि वाढ खुंटायचं कारणही तेच. ही जात लवकर विणीला येते, तळं पिल्लांनी भरतं, खाद्य वाटलं जातं. म्हणूनच एकलिंगी बीज, म्हणजे तळ्यात सोडायला फक्त नर पिल्लं घ्यायची. नर वाढतोही जोमाने. धरणातून धरून आणलेलं बीज तर नकोच! गिफ्ट जातीचं, म्हणजे सुधारित चिलापीचं, बीज नोंदणीकृत केंद्रातूनच घ्या, मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगीही लागते. थंडीत पाणी २० अंशांखाली गेलं की खाद्य कमी करा, मासा फारसं खात नाही.