मदत हवी आहे: शहराच्या वाढत्या टोकाला घर घेताना आधी काय तपासावं?

वाढत्या टोकाला घर मोठं आणि स्वस्त मिळतं, नोकऱ्याही हळूहळू तिकडेच सरकतात, हे मान्य. पण इमारती आधी उभ्या राहतात, जलवाहिनी मागून येते. तोवर सगळे बोअरवर. उपसा वाढला की पातळी खोल जाते, पाणी अनेकदा जड होतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर गेला की चव बिघडते. पाणी जड असेल तर गीझरच्या कॉइलवर क्षारही चढतात.

दुसरी भानगड रस्त्याची. जुना थर न खरवडता (खरवडतो कोण म्हणा!) नवा टाकत गेले की रस्ता जोत्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी थेट पार्किंगमध्ये.

तर, दीड फूट जोतं पुरेल का? आणि विकास आराखड्यात जलवाहिनी नुसती प्रस्तावित आहे की काम मंजूर झालंय, हे कोणत्या कागदावरून कळतं?