'कीपिंग मम' म्हणे सहकुटुंब बघा! शेवटपर्यंत पाहिलाय का कुणी?

तिरपागडा
परवा इथेच कुणीतरी लिहिलं होतं, 'मिस्टर बीनचा हलकाफुलका सिनेमा, रविवारी सहकुटुंब बघा'. बघितला. सोबत सासू-सासरे आणि अकरा वर्षांची लेक. सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच रेल्वेत एका गरोदर पोरीच्या ट्रंकेतून रक्त ठिबकायला लागलं. सासूबाईंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही.

पण ते सोडा. माझं खरं दुखणं वेगळं आहे. रोवन ॲटकिन्सनचा वॉल्टर गावाचा पाळक, प्रवचनाच्या कागदात बुडालेला. बायको ग्लोरिया गोल्फ शिकवणाऱ्या लान्सकडे झुकलेली. मुलगी हॉली रोज नव्या पोराबरोबर, धाकटा पीटी शाळेत मार खातोय. या घरात मॅगी स्मिथ ग्रेस नावाची घरकामाची बाई होऊन येते (रेल्वेतली ती पोर हीच, आणि ग्लोरियाची आईही हीच) आणि एकेक अडचण मागच्या तळ्यात जाते. आधी शेजाऱ्याचा भुंकणारा कुत्रा, मग शेजारी. त्या मिस्टर ब्राउनचा गुन्हा काय? कुत्रा आवरता येत नाही! लान्स निदान खिडकीतून पोरीचं चोरून चित्रण करत असतो, त्यामुळे डोक्यात इस्त्री बसली की आपण मोकळे हसतो. म्हणजे मरणारा नालायक हे आधीच ठरवून ठेवायचं आणि मग खून गोड करून वाढायचा. वर घर सुधारतं! नवरा-बायको जवळ येतात, पोरगी स्वयंपाक शिकते. अरे, खुनाची काही किंमत आहे की नाही? १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये डेनिस प्राइस मुडद्यांच्या पायऱ्या करून ड्यूकपदाला चढतो, पण त्याला आजी म्हणून कवटाळा असं तो सिनेमा सांगत नाही. 'कीपिंग मम' हा काळा विनोद नाहीच, साखरेत घोळवलेला करडा आहे. कुणाला वाद घालायचा असेल तर या.

वरणफळं
आले. पहिली गोष्ट, सासूबाईंना घेऊन बसलात ही चूक तुमची, सिनेमाची नाही. दुसरी, किंमत नाही म्हणता, तर शेवटचा प्रसंग बघताना डोळे मिटले होते का? पाण्याचं काम करणारी दोन माणसं तळं उपसायला येतात. ग्लोरिया हसून चहा विचारते. मग कॅमेरा पाण्याखाली जातो आणि तिथे ते दोघेही निवांत! हे ग्रेस निघून गेल्यावरचं आहे. मारणारी कोण, तर पाळकाची बायको. घर सुधारलं म्हणता? घराला लागण झालीय.

तिरपागडा
कुठला तळ्याचा प्रसंग?

वरणफळं
बास. धाग्याचं नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचा.

गच्चीवरचा
सिनेमाचं राहू द्या, क्लॅरेन्सबद्दल बोला. क्लॅरेन्स म्हणजे तो कुत्रा. ग्लोरिया रात्र रात्र जागी, नवरा ढिम्म. त्या एका गोष्टीवर मी ग्रेसला शंभर टक्के गुण देतो. आमच्या समोरच्या विंगेत दोन बीगल आहेत. रोज रात्री २ वाजून ४० मिनिटांनी सुरू. मी वेळ लिहून ठेवतो, वही आहे. मालक म्हणतात, 'काका, तो बोलतोय तुमच्याशी.' मला नाही बोलायचं!

भूभूची_आई
शाब्बास. मुक्या प्राण्याला मारण्याला शंभर गुण. दिवाळीत तुमची मंडळी रात्री बारापर्यंत फटाके लावतात तेव्हा वही कुठे असते? कुत्रा भुंकतो कारण मालक त्याला दिवसभर बाल्कनीत बांधून ऑफिसला जातो. त्याला माणूस हवा असतो. हे सिनेमातही कुणी विचारत नाही आणि इथेही.

गच्चीवरचा
माझी मंडळी फटाके लावत नाहीत. मुलगा बंगळुरात, मी एकटा. आणि बीगल बांधलेले नाहीत, एसीत झोपतात.

रेडिंगकर
इंग्लंडात बावीस वर्षं झाली म्हणून दोन शब्द. सिनेमातलं गाव, लिटल वॉलप, शोधायला जाऊ नका. हॅम्पशरात ओव्हर, मिडल आणि नेदर अशी तीन वॉलप आहेत, लिटल काही नाही. आता कुत्रा. इथे कौन्सिलकडे तक्रार करता येते. गच्चीवरच्या काकांसारखीच रोजची नोंद ठेवायला सांगतात, खात्री पटली की १९९० च्या पर्यावरण कायद्याखाली मालकाला नोटीस जाते. मी स्वतः केलंय हे. सात महिने लागले आणि शेजारी अजून 'गुड मॉर्निंग' म्हणत नाही. ग्रेस बिचारी वेड्या गुन्हेगारांच्या संस्थेत ४३ वर्षं होती, तिला १९९० चा कायदा कोण सांगणार!

भूभूची_आई
कायद्याचंच बोलायचं तर आपल्याकडे २०२३ चे नियम आहेत. भटक्या कुत्र्यांना खायला घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यायची असते. आमच्या कमिटीने काय ठरवली? कचऱ्याच्या डब्यांच्या मागे. तिथे मी रोज रात्री नऊला भात घेऊन उभी असते आणि वरून कुणीतरी पाणी ओततं. कोण ते मला माहीत आहे.

गच्चीवरचा
मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि तुमची सोसायटीही वेगळी. माझ्याकडे बघून बोलू नका.

तिरपागडा
अहो, धागा सिनेमाचा आहे!! भुंकायचं तर वेगळा काढा.

भूभूची_आई
शेवट न पाहता सिनेमावर निबंध लिहिणाऱ्यांनी दुसऱ्यांना शिस्त शिकवू नये.

नगरचा_पोरगा
सगळे कुत्र्यात अडकलात म्हणून लिहितो. माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. चर्चच्या आवारातल्या घरात मी सतरा वर्षं काढली, त्यामुळे तुम्हाला जिथे हसू येतं तिथे मला वेगळंच होतं. पाळकाचं दार मंडळीला चोवीस तास उघडं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बैल मेला, पपा निघाले. फुलं सजवणाऱ्या बायकांच्या गटाचं भांडण घेऊन ती मिसेस पार्कर सारखी वॉल्टरकडे येते ना, तशा आमच्याकडे तिघी होत्या. वेदीवर निशिगंध की झेंडू यावरून नाताळात अबोला धरायच्या.

आईला पपांशी बोलायला वेळच मिळायचा नाही. मग तिने युक्ती काढली. रविवारचा जो उतारा असेल त्या पानात चिठ्ठी ठेवायची. एकदा भर उपासनेत पपांनी बायबल उघडलं, वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. चिठ्ठी होती : 'रॉकेल संपलं. धाकट्याला ताप.' ती घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि उतारा वाचला. त्या दिवशी मात्र उपदेश फार लवकर आटोपला.

म्हणून ग्रेस वॉल्टरला गीतरत्न, म्हणजे बायबलातलं प्रेमकाव्य, वाचायला लावते तो प्रसंग मला सगळ्यात आवडतो. आयुष्यभर बायबल हातात धरलेल्या माणसाला त्यातच बायकोविषयी काहीतरी लिहिलंय हे खुनी बाईने दाखवायचं! आणि तिचं नाव बघा. ग्रेस म्हणजे कृपा. आमच्यात कृपा ही न मागता, लायकी नसताना मिळते. वॉल्टर संमेलनात देवाच्या गूढ मार्गांवर भाषण देतो, लोक हसतात, टाळ्या पडतात, आणि तो गूढ मार्ग घरी भांडी घासतोय हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तिरपागडासाहेब म्हणतात साखर. मला तर हा पाळकांवर मारलेला चांगलाच जहरी टोला वाटला. पपांना दाखवला असता तर हसले असते का, विचार करतोय.

वरणफळं
निशिगंध की झेंडू, हाहा. पण चिठ्ठीचं वाचून घशात आलं हो.

तिरपागडा
ठीक. रात्री शेवटची दहा मिनिटं पुन्हा पाहिली. खुलासा : मिसेस पार्कर हृदय बंद पडून कोसळते तिथवर आम्ही पोचलो होतो, तेव्हा सासऱ्यांची गोळ्यांची वेळ झाली आणि मी उठलो. परत आलो तर पडद्यावर नावं वर सरकत होती. तळ्याचा शॉट आहे. चांगला आहे. वरणफळं यांचं अभिनंदन, पेढे पाठवतो.

पण मुद्दा अर्धा अजून शिल्लक आहे. मिस्टर ब्राउनसाठी कुणी रडत नाही. गावात म्हातारा माणूस नाहीसा झाला आणि साधी चौकशी नाही? एका शॉटने सगळा हिशेब मिटत नाही.

वरणफळं
हे मान्य. ब्राउनचं मलाही खटकलं. पण तुमचा 'काइंड हार्ट्स' अमेरिकेत गेला तेव्हा तिथल्या सेन्सॉरसाठी शेवट वाढवावा लागला होता, खुन्याने विसरलेली कबुली अधिकाऱ्यांच्या हाती पडते असा. इंग्रजी शेवट तो कागद नुसता आठवतो तिथे थांबतो. कोणता भारी? हिशेब पूर्ण मांडला की विनोद मेला.

तिरपागडा
अमेरिकेचं उदाहरण देऊन जिंकल्यासारखं वाटत असेल तर वाटू द्या.

गच्चीवरचा
भूभूची आई, एक विचारायचं होतं. बीगल एसीत असूनही रात्री का भुंकत असतील? खरंच विचारतोय.

भूभूची_आई
नक्की २:४० लाच? मग त्या वेळी खाली काहीतरी होत असणार. वॉचमनची फेरी, दूधवाल्याचा टेम्पो, मांजर. एक रात्र गच्चीवरून बघा. वही घेऊन जा. (अजून रागावलेलीच आहे.)

तिरपागडा
जाता जाता. शेवटचा प्रसंग सासूबाईंनाही दाखवला, अर्धवट राहिलेलं त्यांना चालत नाही. पाण्याखालचे ते दोघे नीट बघितले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "चहा तरी पिऊन झाला होता ना रे त्यांचा?"