मदत हवी आहे: बर्फातल्या जुन्या खाणकामगारांच्या केबिनमध्ये ७२ वर्षांच्या बाबांना न्यावं का? (गार्नेट, मोंटाना)

नमस्कार मंडळी,

मी स्पोकेनला राहते. जानेवारीत बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येताहेत आणि एका बुकिंगवरून आमच्या घरात दोन तट पडलेत. अशा केबिनमध्ये कोणी हिवाळ्यात राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

जागा आहे गार्नेट, मिझुलाच्या पूर्वेला डोंगरात, साधारण ६,००० फुटांवर ओस पडलेलं सोन्याच्या खाणीचं गाव. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला, चांदीच्या खाणी बंद पडल्या आणि हाताला काम नसलेली माणसं सोन्यासाठी इकडे वळली. १८९५ मध्ये स्टॅम्प मिल, म्हणजे सोन्याचा दगड कुटायची गिरणी, बसली. १८९८ पर्यंत गावात जवळपास १,००० माणसं होती, शाळा होती, १३ गुत्ते होते. १९०५ मध्ये उरली १५०. १९१२ च्या आगीत अर्धं गाव गेलं. १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ वर गेला तेव्हा पुन्हा थोडी वस्ती झाली, तीही दुसऱ्या महायुद्धात उठली. तिथल्या दोन जुन्या केबिन हिवाळ्यात भाड्याने मिळतात. आम्हाला फेब्रुवारीतल्या दोन रात्री मिळाल्या आहेत.

वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर. उबेला लाकडाची शेगडी, स्वयंपाकाला गॅस. जानेवारी ते एप्रिल गाड्यांना रस्ता बंद असतो, त्यामुळे हमरस्त्यापासून सुमारे १९ किलोमीटर बर्फावरून स्नोमोबाइलने किंवा स्कीवर जावं लागतं. मी आणि नवरा करू शकतो. प्रश्न बाबांचा आहे.

बाबा कोलारच्या सोन्याच्या खाणीत सर्व्हेअर होते. १९७८ ला लागले आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली त्या दिवसापर्यंत तिथेच होते. माझा जन्म तिथलाच. खिडकीतून सायनाइड डंपचे, म्हणजे सोनं काढून उरलेल्या दगडाच्या भुकटीचे, पांढरट डोंगर दिसायचे, वारा सुटला की आई वाळत घातलेले कपडे धावत आत आणायची. जमिनीखाली रॉकबर्स्ट झाला, म्हणजे दाबाने खडक अचानक फुटला, की कपाटातली भांडी वाजायची आणि बाबा शिफ्टवर असले की आई जेवायची थांबायची. खाण बंद झाल्यावर आम्ही सांगलीला आलो. तेव्हापासून बाबांनी खाणीचा विषय घरात जवळजवळ काढलाच नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही गार्नेटला दिवसभर फिरून आलो आणि त्यांना फोटो पाठवले. एका केबिनचा कोपरा जवळून काढला होता: एकात एक अडकवलेले ओंडके, फटींत भरलेला लिंपा, आणि सगळ्यात खालचा ओंडका थेट मातीवर टेकलेला, अर्धा कुजलेला. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "पाया घातलेला नाही. म्हणजे यांना राहायचं नव्हतंच, सोनं काढून निघायचं होतं." हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर खोल्या नाहीत, ज्यांना खोली परवडत नसे ते तिथे जमिनीवर झोपत, हे सांगितल्यावर ते अर्धा तास बोलत होते. लिफ्टच्या केजमध्ये माणसं कशी दाटीने उभी राहायची, खाली किती उकडायचं. चोवीस वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "अशा गावात एक रात्र काढायला मिळाली तर बघ."

म्हणून बुकिंग केलं. पण त्यांना छातीचा त्रास आहे. खाणीतल्या दगडाच्या (सिलिकाच्या) धुळीने फुप्फुसांवर थोडे व्रण आहेत. रोजचं चालणं-फिरणं व्यवस्थित आहे, जिना चढताना धाप लागते. नवरा म्हणतो, अजिबात नको. मला मात्र त्यांची इच्छा मोडवत नाही. शेगडीचा धूर, थंडी, उंची, यातलं नेमकं किती धोक्याचं आहे?

प्रतिसाद १

ताई, आम्ही चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये गार्नेटला दोन रात्री राहिलो होतो. जागा फार सुंदर आहे, पण जे पाहिलं तेच सांगतो. शेगडीत दर दोन-तीन तासांनी लाकडं घालावी लागतात. पहाटे तीनला मला जाग आली तेव्हा शेगडी विझलेली आणि मगातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. पुन्हा पेटवेपर्यंत खोलीत धूर कोंडला, दार उघडलं तर उरलीसुरली ऊबही गेली. पातेलंभर बर्फ वितळवला की तळाशी जेमतेम पेलाभर पाणी उरतं. संडासला जायचं तर बूट, कोट, टॉर्च, सगळं चढवून. माझ्या वडिलांना मी नेलं नसतं.

प्रतिसाद २

मी श्वसनविकार विभागात नर्स आहे. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका, पण माझं मत मिस्टरांच्या बाजूने आहे. सिलिकाचे व्रण भरून येत नाहीत. अशा फुप्फुसांना कोरडी थंड हवा आणि लाकडाचा धूर एकत्र मिळाला की श्वासनलिका आवळतात आणि धाप वाढते. ६,००० फूट हे एरवी फार नाही, पण ज्याला जिन्यातच धाप लागते त्याला जाणवेल. सगळ्यात वाईट म्हणजे रात्री त्रास झाला तर १९ किलोमीटर बर्फ ओलांडून मदत यायला हवी.

तुम्ही दोघं गेलात तरी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतःचा न्या. त्या वायूला वास नसतो. खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि गॅसची शेगडी उबेसाठी पेटती ठेवू नका.

प्रतिसाद ३

काकांची इच्छा मोडू नका, फक्त ऋतू आणि गाव बदला. मोंटानातच, ब्यूटच्या पुढे नेवाडा सिटी आहे, ॲल्डर गल्चमध्ये. मे १८६३ मध्ये तिथे सोनं सापडलं. शेजारचं व्हर्जिनिया सिटी पुढे दहा वर्षं मोंटाना प्रांताची राजधानी होतं. नेवाडा सिटीत त्या काळच्या ओंडक्यांच्या केबिन उन्हाळ्यात राहायला देतात, छपरावर माती आणि गवत, पण आत नीट न्हाणीघर. गाडी दारापर्यंत जाते. आम्ही आईला घेऊन राहिलो होतो.

आणि तुम्ही डंपचं लिहिलंत म्हणून सांगते. ॲल्डर गल्चमध्ये नंतर मोठ्या ड्रेजरनी (पाण्यावर तरंगणाऱ्या उपसायंत्रांनी) नदीचं पात्र उपसून सोनं काढलं. त्यातून निघालेल्या गोट्यांचे ढीग अजून रस्त्याच्या कडेला पडलेत. काकांना ते काय आहे हे कोणी सांगावं लागणार नाही. गार्नेट उन्हाळ्यात दिवसा दाखवा, तेव्हा गाडी वर जाते. फक्त दक्षिणेकडचा बेअर गल्चचा रस्ता अरुंद आणि चढाचा आहे, उत्तरेकडून हायवे २०० वरून या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांना फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मगातल्या बर्फाचं ऐकून थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोलारला १९०२ मध्ये शिवसमुद्रमहून वीज आली. आम्ही विजेच्या खाणीतली माणसं, अंधारात राहून काय सिद्ध करायचंय?" गोट्यांच्या ढिगांचं मात्र दोनदा विचारलं, किती उंच आहेत, अजून कोणी त्यातलं सोनं धुतं का.

आता ते जानेवारीऐवजी मे महिन्यात येतील. जूनमध्ये नेवाडा सिटीला दोन रात्री आणि परतताना गार्नेटला एक दुपार, असं ठरवलं आहे. फेब्रुवारीत आम्ही दोघंच जाऊ, अलार्म आजच मागवला. सांगलीच्या डॉक्टरांकडे तपासणीची वेळही घेतली आहे.

एकच विचारायचं राहिलं: जूनमध्ये नेवाडा सिटीला रात्री कितपत थंडी असते? बाबांचा जुना हातविणीचा स्वेटर पुरेल का?

प्रतिसाद ३

दिवसा पुरेल, रात्री नाही. पहाटे बराच गारठा असतो. वर जाड जॅकेट आणि कानटोपी घ्याच.