सहा षटकांत अकरावा गडी काय करतो?

देवगडचा बागायतदार

गेल्या आठवड्यात इथे एका सद्गृहस्थांनी लिहिले की कसोटी सामने आता आजोबांच्या छत्रीसारखे माळ्यावर टाकावेत, कारण आपल्या गावच्या सहा षटकांच्या चषकाला एका संध्याकाळी जेवढी माणसे लोटतात तेवढी रणजीच्या सामन्याला चार दिवसांतही येत नाहीत. गर्दीचे म्हणणे मला मान्य आहे. रणजीच्या सामन्याला माणसांपेक्षा कावळे अधिक असतात, हे मी पुण्यात स्वतः पाहिले आहे. माझी तक्रार निराळी आहे.

माझा पुतण्या यंदा वाडीच्या संघात होता. तीन दिवसांत पाच सामने झाले, संघ उपान्त्य फेरीपर्यंत गेला, आणि या पोराने पाचही सामन्यांत मिळून एक चेंडू खेळला नाही की टाकला नाही. मुळात चेंडू छत्तीस. पहिले चार गडीच ते संपवतात. हा काजूच्या कुंपणाशी उभा राहून गडग्यापलीकडे गेलेले चेंडू काढून देत होता.

दुसरे असे की या प्रकाराला दुसरा डावच नाही. मार्च 2001 मध्ये कोलकात्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत आपण पहिल्या डावात 171 मध्ये आटोपलो, फॉलोऑन मिळाला, म्हणजे लागलीच पुन्हा फलंदाजीला उतरावे लागले, आणि पहिल्या डावात 25 वर परतलेल्या द्रविडने दुसऱ्या डावात 180 काढल्या, लक्ष्मणने 281. चौथा दिवस अख्खा गेला, एकही गडी पडला नाही. आम्ही पडवीत पहिल्या तोडीच्या पेट्या भरत होतो. पेंढा अंथरायचा, आंबा देठाची बाजू बघून लावायचा आणि कान ट्रान्झिस्टरला. पेट्या टेम्पोत चढल्या, तरी दोघे नाबादच. सहा षटकांत द्रविड 25 वर बाद झाला असता आणि घरी गेला असता. आपण त्याला विसरलो असतो.

हर्णैकर

काका, आपल्या पेट्यांचे वर्णन गोड आहे, पण आंबा विकायला बसलेल्या माणसाने वेळेची किंमत विसरावी याचे नवल वाटते. आम्ही किनाऱ्यावर खेळतो. ओहोटीला पाणी मागे सरले की ओली वाळू घट्ट बसते. ती असेल तोवर खेळपट्टी, आणि भरतीची पहिली लाट यष्टीला लागली की सामना संपला. पंचांशी वाद घालता येतो, समुद्राशी नाही. सामना छोटा असणे ही आमच्याकडे दूरचित्रवाणीने लावलेली खोड नाही, ती आमच्या भूगोलातच आहे.

आणि दीर्घ क्रिकेटचे तरी काय झाले? 1939 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दरबानला ‘कितीही दिवस चालो, निकाल लागेपर्यंत खेळा’ असा कसोटी सामना ठेवला होता. दहा दिवसांनंतर इंग्लंडला 696 पैकी 42 धावा उरल्या, पाच गडी हाताशी होते, आणि बोट चुकेल म्हणून सामना अनिर्णित सोडून मंडळी निघून गेली. म्हणजे पाण्याने त्यांनाही उठवलेच.

देवगडचा बागायतदार

दृष्टान्त चांगला सापडला, हे कबूल करतो. पण त्या बोटीवर अकराही जण काहीतरी खेळून चढले होते.

चिपळूणचा माजी गोलंदाज

मी सीझन बॉलने, म्हणजे लेदरच्या चेंडूने, दहा वर्षे गोलंदाजी केली आहे, म्हणून एक तांत्रिक मुद्दा मांडतो. चेंडू म्हातारा होणे हा लांब सामन्याचा अर्धा खेळ आहे. एक बाजू घासली जाते, दुसरी आपण पँटवर पुसून राखतो, आणि पुढे कधीतरी तो उलटा वळू लागतो. कसोटीत नवा चेंडू 80 षटकांनंतर मिळतो. एकदिवसीय सामन्यांत 2011 पासून 2025 पर्यंत दोन्ही टोकांना डावभर वेगळा चेंडू दिला आणि ही विद्या मोडीत निघाली. वीस षटकांत तर चेंडूला मिसरूडही फुटत नाही. गावच्या सामन्यांतल्या टेनिसच्या चेंडूविषयी मी बोलणार नाही; त्याची लव गेली की तो लिंबासारखा गुळगुळीत होतो आणि मग जो चेंडू टाकण्याऐवजी अधिक फेकतो तो मोठा गोलंदाज ठरतो.

खानावळवाली, मालवण

आपण सर्व पुरुष मंडळी ‘दुसरा डाव’ म्हणून गळा काढता आहात, म्हणून विचारते. मिताली राजला वीस वर्षांहून अधिक काळाच्या कारकिर्दीत किती कसोटी सामने मिळाले? बारा. एकदिवसीय मिळाले 232. मुलींना पहिला डावही छोट्या सामन्यांनीच दिला. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा माझ्या खानावळीत सोलकढीची वाटी हातात धरून माणसे उभी होती. पाच दिवसांचा सामना असता तर मी पाच दिवस माशांचे काप कोणाला वाढले असते? माझी भाची आता बॅट मागते आहे. तिला मी लक्ष्मणच्या 281 धावांची गोष्ट सांगू की संध्याकाळी संपणारा सामना दाखवू?

देवगडचा बागायतदार

ताई, मुलींना कसोटी मिळाली नाही हा कसोटीचा दोष नाही, न देणाऱ्यांचा आहे. परंतु खानावळीच्या गणितापुढे मी हात टेकतो.

परळचा चाकरमानी

मूळ प्रश्नापेक्षा मोठा रोग कोणी बोलतच नाही. काकांच्या पुतण्याला चेंडू मिळाला नाही तो षटकांमुळे नव्हे, भाडोत्री खेळाडूंमुळे. ‘खुली स्पर्धा’ असे फलकावर लिहिले की संघमालक कुठून तरी दोन षटकारवाले आणतो, त्यांना जेवणखाण, गाडी आणि वर पाकीट देतो, आणि वाडीची पोरे क्षेत्ररक्षणाला. आता तर तालुक्या-तालुक्यांत प्रीमियर लीग निघाल्या आहेत आणि सभामंडपात बसून खेळाडूंचा लिलाव होतो, जिथे एरवी भजन होते.

आणि गावमर्यादित स्पर्धेत काय होते तेही ऐका. गेल्या मे महिन्यात मी रात्रीच्या गाडीने उभा राहून गावी पोहोचलो, आंघोळ करून मैदानावर गेलो, तर आयोजकांनी आधारकार्ड मागितले. त्यावर परळचा पत्ता. मला बाहेरचा ठरवले! ज्या देवळाच्या जीर्णोद्धाराला माझ्या वडिलांनी वर्गणी दिली त्याच्याच मागच्या मळ्यात मी प्रेक्षक.

सड्यावरचा

नियम तो नियम. आपण अकरा महिने मुंबईत, आणि बाराव्या महिन्यात येऊन सलामीला जाणार. भातकापणी झाल्यावर त्या मळ्यातली धसकटे कोणी खणली, पाणी मारून रूळ कोणी फिरवला, याची चौकशी कधी केली आहे का? वर्गणीच्या पावतीवर फलंदाजीचा क्रमांक लिहिलेला नसतो.

परळचा चाकरमानी

रूळ कोणी विकत घेऊन दिला, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. गावच्या मुंबई मंडळाच्या पैशाने आणलेला रूळ फिरवताना आमचा पत्ता आड येत नाही, खेळतानाच येतो.

सड्यावरचा

मग रूळ परत घेऊन जा. रेल्वेत बसवता आला तर बसवा.

हर्णैकर

भांडण रंगले आहे, पण दोघांच्याही बोलण्यातून काकांचाच मुद्दा सिद्ध होतो आहे, हे लिहिताना मला त्रास होतो. छत्तीस चेंडूंचा सामना असला की प्रत्येक चेंडू मालकाला महाग वाटतो, म्हणून तो पुतण्याच्या हाती देण्याचे धाडस कोणी करत नाही. तरी लांब सामना म्हणजे सद्गुणांचे आगर नव्हे. 1948 च्या डिसेंबरमध्ये पुण्यात आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून नाबाद 443 केल्या, ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊच कमी होत्या, आणि काठेवाडचा संघ कंटाळून सामना सोडून निघून गेला. त्या सामन्यात अकराव्या गड्याचे कोणी काय ऐकले? निंबाळकर तर एकही कसोटी खेळले नाहीत.

चिपळूणचा माजी गोलंदाज

निंबाळकरांचे उदाहरण उलट बाजूचे आहे. लांब सामना होता म्हणूनच ते 443 पर्यंत पोहोचले. पण वाद वाढवत नाही. यंदा डिसेंबरमध्ये दोन डावांचा एक सामना ठेवून पाहावा, प्रत्येक डाव बारा षटकांचा, आणि अकराही जणांनी किमान एक षटक तरी टाकलेच पाहिजे असा नियम करावा. आधारकार्ड मागू नये.

सड्यावरचा

सड्यावर, म्हणजे आमच्या कातळाच्या माळावर, जागा देतो. परळकरांनीही यावे, पण आदल्या दिवशी, खुरपे घेऊन. चेंडू मात्र टेनिसचाच राहील; लेदरचा कातळावर एका डावात सोलून निघतो, मग उलटा वळवा की सुलटा.

परळचा चाकरमानी

येतो. चेंडू काजूच्या बागेत थेट गेला तर सहा का बाद, एवढे आधी ठरवा.

सड्यावरचा

बाद. आमच्याकडे पहिल्यापासून बादच.

देवगडचा बागायतदार

आमच्याकडे सहा. पुतण्याला मी सांगून ठेवले आहे.