रॉबर्ट टाउन्स 'शहराचा जनक' कसा?

खलाशीबुवा : स्वकष्टाने मोठ्या झालेल्या व्यापाऱ्यांवरच्या पोस्टमध्ये नॉर्थम्बरलंडहून सिडनीला आलेल्या रॉबर्ट टाउन्सला 'शहराचा जनक' करून टाकलंय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या, त्याचंच नाव असलेल्या टाउन्सव्हिल शहरात त्याचा पुतळाही आहे. अहो, टाउन्सव्हिलचं बंदर उभं केलं जॉन मेल्टन ब्लॅकनं! टाउन्सनं पैसा लावला आणि १८६६ मध्ये तीन दिवस येऊन गेला. १८६३ मध्ये लोगन नदीकाठच्या आपल्या कापसाच्या मळ्यासाठी त्याने पाठवलेल्या 'डॉन जुआन' जहाजातून पॅसिफिक बेटांवरचे ६७ मजूर ब्रिस्बेनला आले, त्याचा मात्र पोस्टमध्ये उल्लेखही नाही. पगार महिना दहा शिलिंग.

रोजमेळ : पैसा लावणं म्हणजे काहीच नाही? आतल्या कुरणांवरची लोकर कुठून पाठवणार होते? आणि मजुरांना करार समजावून सांगा, अशी मिशनऱ्यांना त्याची पत्रं होती.

खलाशीबुवा : मिशनरी होते किती बेटांवर? भरती करत होता टाउन्सचा माणूस रॉस ल्यूइन. चंदनाच्या धंद्यामुळे नांगर कुठे टाकायचा, कुऱ्हाडी-तंबाखू कुणाच्या हातात द्यायची, हे टाउन्सच्या कप्तानांना पाठ होतं. आधी चंदन चीनला नेऊन चहा आणायचे, मग त्याच ओळखींवर माणसं भरली.

सरकी : मुळात अमेरिकेच्या यादवीनं कापसाचा भाव चढला. बोंडं एकदम फुटत नाहीत, दोन-तीन वेचण्या हातानेच कराव्या लागतात, आणि गोरा मजूर महाग. त्याच भावावर मुंबईत शेअरदलाल प्रेमचंद रायचंदांच्या काळातला सट्टा पेटला आणि जुलै १८६५ मध्ये कोसळला. वऱ्हाड-खानदेशच्या कापूसवाल्याचं नाव कोण घेतो?

रोजमेळ : इथे वऱ्हाड कशाला आणताय?

सरकी : कशाला म्हणजे? भाव एकच, तडाखाही एकच! मुंबईत पेढ्या बुडाल्या, क्वीन्सलंडनं ऊस धरला, पण मजूर आणायची रीत तीच राहिली. तिथल्या १८६८ च्या मजूर-कायद्यात तीन वर्षांचा करार, वर्षाला सहा पौंड. वीस शिलिंगांचा पौंड धरून बारा महिन्यांचे दहा-दहा शिलिंग मोजा, टाउन्सचाच दर निघेल.

रोजमेळ : बरं, दर त्याचा, मान्य. पण १८७३ मध्ये मेलेल्या माणसाच्या माथी मजूर आणण्याची पुढची तीस वर्षं मारायची?

खलाशीबुवा : वाट त्याने पाडली. न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेत बसणारा, बँक ऑफ न्यू साउथ वेल्सचा अध्यक्ष राहिलेला माणूस. भोळेपणा त्याला चिकटवू नका. पुढे मेलेल्या मजुरांचे पगार पॅसिफिक आयलंडर्स फंड या सरकारी निधीत गेले आणि बेटांवरच्या मजुरांना घालवणाऱ्या १९०१ च्या कायद्याखाली उरलेल्यांना परत धाडताना त्यातलेच पैसे खर्ची पडले. पुतळ्याखाली हे कोरा.

रोजमेळ : कोरा. बंदराला पैसा कुणी दिला, तेही राहू द्या.