कार्बन फायबरचे अंडरबॉडी पॅनेल घरी करायचेत, सल्ला हवा

रात्रपाळी_पर्वरी

नमस्कार मंडळी. गाडी जीए-०३ पासिंगची जुनी पोलो जीटी टीएसआय. सस्पेन्शन, ब्रेक, टायर झालेत. वर्षातून दोनदा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर नेतो, एरवी रोजचं पर्वरी ते वेर्णा.

आता गाडीचं पोट झाकायचंय. बंपरच्या ओठापासून पुढच्या चाकांपर्यंत एक सपाट पॅनेल, दाराखाली दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या आणि मागे डिफ्यूझर, म्हणजे पोटाखालची हवा बाहेर सोडणारा वर उचललेला भाग. कार्बनमध्येच, आणि स्वतःच्या हातानं. विकत घेऊन एकदा पोळलोय. एका अॅक्सेसरीवाल्यानं 'फुल कार्बन' म्हणून पुढचा लिप गळ्यात मारला. गतिरोधकावर कोपरा तुटला तेव्हा कळलं की वर कार्बनचा एकच थर आणि आत सगळी चॉप मॅट, म्हणजे ग्लास फायबरच्या तुकड्यांची चटई.

कापड कुठलं, थर किती, व्हॅक्यूम लागतोच का, आणि गोव्याच्या हवेत हे जमतं का? घरामागे पत्र्याची शेड आहे. आईच्या जुन्या जेवणाच्या टेबलाची जाड काचही पडून आहे, तिचा काही उपयोग?

चिऱ्याचं_घर

आमच्या वाड्यावरचे गतिरोधक बघता कार्बन नको, खाली चिरेच लाव. निदान गतिरोधक तरी झिजेल.

होडीवाला_शापोरा

बाब, माझा धंदा होड्यांना फायबर मारायचा. कार्बन आजवर दोनदाच हाताळलंय, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आमच्यासारख्यांच्या शेडमधून माल उचलून आणू नकोस. होडीला आम्ही पॉलिएस्टर रेझिन (कापडात मुरून कडक होणारा चिकट द्रव) वापरतो. स्वस्त पडतं, पण कार्बनला हवं तसं धरत नाही. कार्बनच्या कापडावर बहुधा कारखान्यातच एपॉक्सी या दुसऱ्या रेझिनला मानवणारा लेप दिलेला असतो, म्हणून लॅमिनेशनचं एपॉक्सीच घे. उलट बाजूनंही तेच, चॉप मॅट एपॉक्सीबरोबर वापरू नको. मॅटचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो. पॉलिएस्टरमध्ये स्टायरीन असतं, एपॉक्सीत नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते आणि वळणावर बसत नाही. ग्लास हवीच असेल तर विणलेलं कापड घे. आणि कधी पॉलिएस्टरच्या वाटेला गेलासच तर कोबाल्ट (सुकण्याचा वेग वाढवणारं) आणि एमईकेपी (त्याचं हार्डनर) एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, भडका उडतो. आमच्याकडे नव्या पोराला झाडू देण्याआधी हे सांगतात.

आईची काच म्हणजे तयार साचा आहे! तुझे पॅनेल जवळजवळ सपाटच, वेगळा साचा करण्यात पैसे घालू नको. रिलीज वॅक्सचे पाच-सहा हात दे, प्रत्येक हातानंतर पुसून थांब. काचेला टेकलेली बाजू आरशासारखी निघते. त्यावर कापड आणि रेझिन, मग पील प्लाय (सुकल्यावर सोलून काढायचं कापड), भोकांची फिल्म, गोधडीच्या कापसासारखा ब्रीदर (हवेला वाट देणारा थर), आणि सगळ्यावर पिशवी. कडेनं चिकट टेप, आणि पंपानं पिशवीतली हवा खेचायची, तोच व्हॅक्यूम.

व्हॅक्यूम नसला तरी पॅनेल होतं, पण रेझिन पिऊन जड होतं आणि आत हवा राहते. पंप एसीत गॅस भरणाऱ्यांचा चालतो, ओळखीच्या मेस्ताकडून रविवारी मागून आण. रेझिन कालवायच्या आधी कोरड्या पिशवीवर पंप लाव, व्हॉल्व्ह बंद कर आणि चहा पिऊन ये. काटा खाली आला असेल तर कुठंतरी शीळ वाजतेय, कान लावून शोध. पूर्ण व्हॅक्यूमला चौरस मीटरवर दहा टनांच्या आसपास दाब बसतो. काचेखाली एक खडा राहिला तरी आईला तोंड दाखवता येणार नाही.

राहिला पाऊस. जुलैत हवेत ८५-९० टक्के दमटपणा असतो, एपॉक्सीवर पांढरट मेणचट साय धरते. मी तर दिवाळीनंतरच हात घातला असता. घाईच असेल तर खोली बंद करून आदल्या रात्रीपासून एसी चालू ठेव. पत्र्याच्या शेडमध्ये नको.

सातवा_गिअर

कार्बनवर एवढं झालं, पण आकार ठरलाय का? १९७८ मध्ये लोटस ७९ नं पोटाखालच्या हवेवर विश्वविजेतेपद मारलं, तिची चेसिस अॅल्युमिनियमची होती. कार्बनची चेसिस फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लारेननं आणली ती १९८१ मध्ये. गाडी खाली खेचतो तो आकार, कापड नव्हे.

आधी पुठ्ठ्यावर नमुने काप. मग दुकानाच्या पाट्या ज्याच्या करतात त्या ३ मिमी एसीपीत अख्खं पोट कर आणि एक ट्रॅक डे मार. कुठं घासतं, कुठं फडफडतं, इंजिन तापतं का, सगळं कळेल. रेडिएटरमधून आलेली गरम हवा पोटाखालूनच बाहेर पडते. तिची वाट बुजवलीस तर मे महिन्यात चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटाच तुला सांगेल.

डिफ्यूझर ७ ते १० अंशांच्या वर उचलू नको, हवा छताला धरून राहत नाही. मागे सायलेन्सर आणि स्टेपनीची खोलगट जागा आडवी येतात, त्यामुळे खरा डिफ्यूझर किती मिळेल याबद्दल मला शंकाच आहे. आणि फक्त पुढचं दाबलंस तर वेगात मागचं हलकं लागेल. कारीच्या जलद वळणात ते अनुभवायची हौस नसेल तर दोन्ही टोकं एकत्र कर.

कुंडईची_कंपोझिटवाली

होडीवाल्या दादांशी सहमत, थोडी भर घालते.

कापड २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम), ३के (एका धाग्यात तीन हजार तंतू), २×२ ट्विल (तिरकी वीण). व्हॅक्यूमखाली एक थर पाव मिमीच्या आतबाहेर बसतो, म्हणजे चार थरांना जेमतेम १ मिमी. चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास वजन. पण एवढं पातळ पॅनेल वेगात ढोलासारखं वाजेल. चारचे आठ थर करू नको, दोन वर दोन खाली आणि मध्ये ५ मिमी पीव्हीसी फोम घाल. ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, वजन मात्र फारसं वाढत नाही. बोल्टच्या जागी फोम काढून भरीव कर, नाहीतर नट आवळताना पॅनेल चिरडेल.

गोव्यात सगळ्यात जास्त चुकतं ते बोल्टाचं. कार्बन वीज वाहून नेतो. त्याला अॅल्युमिनियम किंवा जस्त चढवलेलं लोखंड टेकलं आणि वर खारी हवा, पावसाचं पाणी, की ती धातू गंजून भुगा होते. बोल्ट, वॉशर स्टेनलेसचे घे, आणि पॅनेल जिथं बॉडीला टेकतं तिथं ग्लासच्या कापडाचा एक थर दे.

एक्झॉस्टचा बोगदा झाकू नको. खोलीच्या तापमानाला सुकवलेलं एपॉक्सी बहुधा ५०-६० अंशांनंतर मऊ पडायला लागतं, पोस्ट-क्युअर केलं, म्हणजे नंतर तापवून पक्कं केलं, तर थोडं वर जातं. कॅटच्या (एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) जवळ तेही पुरणार नाही, तिथं हीट शील्ड आणि मध्ये मोकळी हवा. ऑइलच्या बोल्टखाली झडप ठेव, जॅकच्या जागा उघड्या ठेव, पाणी निघायला भोकं पाड. गतिरोधकाला टेकणाऱ्या कडांना एचडीपीईच्या (चिवट प्लास्टिकच्या) पट्ट्या स्क्रूनं लाव, झिजल्या की बदल.

कापताना पाणी मारत काप, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. ती कुसळं कपड्यांतून घरभर जातात, शर्ट वेगळा धू.

कागदपत्रांचं राहिलंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचार, विमा कंपनीला लेखी कळव. ट्रॅकवरून आलास की काढून ठेवता येईल असंच बांध.

रात्रपाळी_पर्वरी

तीन आठवड्यांनी आलोय. पुठ्ठा, एसीपी सगळं झालं. पुढच्या एसीपीच्या कडा पहिल्याच आठवड्यात घासून गेल्या, म्हणजे एचडीपीई लागणारच. मग धीर धरवला नाही आणि एसी लावून दारापट्टीचा एक तुकडा कार्बनमध्ये केला. दोन दिवस झाले, नख रुततंय. वर पांढरट सायही आहे. डब्यावर रेझिन १०० ला हार्डनर ३० लिहिलंय, औषधाच्या मापाच्या कपानं १०० मिली आणि ३० मिली नीट मोजून घेतलं. दमटपणाच ना?

कुंडईची_कंपोझिटवाली

साय दमटपणाची. ती कोमट पाणी आणि घासणीनं निघते. थिनर लावू नको, पसरते. पण नख रुततंय ते मापामुळे. १०० ला ३० हे वजनाचं प्रमाण असणार, डबा परत वाच. रेझिन पाण्यापेक्षा जड, हार्डनर हलका. तुझे १०० मिली भरले साधारण ११५ ग्रॅम, आणि ३० मिली २८-२९ ग्रॅम. म्हणजे १०० ला २५ पडलं. एवढा कमी हार्डनर नंतर तापवूनही भरून निघत नाही. तो तुकडा टाक. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे, आणि एका वेळी पाव किलोच्या वर कालवू नको. कालवलेलं पसरट ट्रेमध्ये ओत, खोल डब्यात ठेवलंस तर तापून धूर काढेल.

होडीवाला_शापोरा

काटा आईचा घेतलास तर नवा आणून दे.

रात्रपाळी_पर्वरी

देव बरें करूं, ताई. डब्यावर खाली बारीक अक्षरात 'वजनाने' लिहिलंय. परवा रात्री दुसरा तुकडा केला, मध्ये फोम घालून. आज सकाळी काचेवरून सुटताना चर्र असा आवाज आला, मला वाटलं काचच गेली. नखानं वाजवला तर टणटण बोलतोय.

आता एकच प्रश्न. आईनं शेडमध्ये येऊन काच बघितली आणि टेबल परत मांडायचं म्हणतेय. वॅक्सचे सहा थर काचेवरून कसे काढू?

होडीवाला_शापोरा

मागचा डिफ्यूझर बाकी आहे ना? काढू नको.